मोतीराम तायड्यांच्या एकशे चौसष्ट सह्या

सही घेण्याआधी मोतीरामकाका समोरच्या माणसाला हात धुवायला लावत. माणूस नव्वदीचा सुभेदार असो की कारगिलहून आलेला तरणा नाईक, साबणाची अर्धी वडी काकांच्या पिशवीतून निघायची आणि तांब्यानं पाणी काका स्वतः घालायचे. मग पाट यायचा, पाटावर फोटो. पेन त्या माणसाचं स्वतःचं. एखादी सून मधेच म्हणे, "बाबाचा हात लय थरथरते, मी धरू का?" काका म्हणत, "नको माय. थरथरली तरी त्याहीचीच पायजे."

सही वाळेपर्यंत कोणी फुंकर मारायची नाही. वाळली की फोटो पालथा करून काका मागे पेन्सिलनं लिहीत. नाव, गाव, कोणती लढाई, सहीची तारीख, आणि घरात त्या वेळी कोण कोण होतं.

मोतीराम तायडे अंजनगाव सुर्जीला तेहतीस वर्षं पोस्टमन होते. निवृत्तीनंतर अमरावतीत फ्रेजरपुऱ्यात दोन खोल्यांत राहायला आले. ते, सुंदराकाकू आणि एक लोखंडी कपाट. कपाटात एकशे चौसष्ट फोटो. पासष्ट, एकाहत्तर आणि कारगिल, या लढायांना गेलेल्या आपल्या अमरावती-अकोला जिल्ह्यांतल्या साध्या शिपायांचे. लढाईच्या काळात काढलेले, वर्दीतले, आणि प्रत्येकावर त्या माणसाची सही.

पुण्याचा एक संग्राहक एकदा मुद्दाम गाडी करून आला होता. त्याच्याकडे म्हणे बड्या बड्या सेनाधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. सगळं कपाट चाळून झाल्यावर त्यानं विचारलं, "यात मोठं असं कोणी आहे का?"

काकांनी थोडा विचार केला. "हाय ना. दर्यापूरचा एक सव्वासहा फूट हाय."

नाद लागला तो पोस्टाच्या पोचपावतीमुळे. रजिस्टर पत्र घेताना माणसाला सही करावी लागते. काकांच्या लक्षात आलं की रिटायर फौजी सही करताना वेगळाच बसतो. एरवी संत्र्याच्या बागेत राखण करणारा, कंबरेत वाकलेला माणूस, सही म्हटली की पाठ ताठ करतो. कारण बहुतेकांना अक्षर पलटणीतच कळलं होतं. घरून अंगठा घेऊन गेले होते, सही घेऊन परत आले. "आन त्या सहीचं आमी काय करो? गठ्ठा बांधो, आन दोन-तीन सालानं रद्दीत," काका सांगत. "मले वाटे, याची एक तरी सही कुठी जागेवर राह्यली पायजे."

तेव्हापासून रविवार, सायकल आणि गावं. घरातला बुरशी लागलेला जुना फोटो घ्यायचा, अंजनगावच्या स्टुडिओत त्याच्या सारख्या मापाच्या दोन कॉप्या काढायच्या. एक त्या घराला, भिंतीवर लावायला. दुसरीवर सही, ती काकांना. त्यांनी एकही विकत घेतला नाही, एकही विकला नाही.

मी धर्मेंद्र. नववी नापास. इर्विन चौकात झेरॉक्सच्या दुकानांपुढे वीस वर्षांपासून माझा टेबल आहे. रेशनकार्ड, जातीचा दाखला, घरकुल, माहितीचा अधिकार, जो असेल तो अर्ज मी लिहितो, आणि साहेब ऐकत नसेल तर त्याच्या दारात बसतो. कायदा मी फूटपाथवर बसून वाचला. वकिलांनी माझ्याकडून कलमं विचारून नेली आहेत. काकांना मी बुद्धविहारात येणारा एक शांत म्हातारा म्हणून ओळखत होतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरी कपाट उघडलेलं पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

"काका, हे लोकाईले दाखवा लागते. सोळा डिसेंबरले विजय दिवस असते, तवा प्रदर्शन घेऊ. टाऊन हॉल मी मिळवतो."

"काहून?"

"काहून म्हणजे? आपल्या लोकाईनं लढाया लढल्या हे कोणाले मालूम हाय?"

"ज्याहीनं लढल्या त्याहीले मालूम हाय."

दोन महिने मागे लागलो. शेवटी सुंदराकाकूच म्हणाल्या, "देऊन टाका हो. नाईतर हे पोट्टं आपल्याच दाराशी उपोषणाले बसन."

काका हसले. साठ फोटो निवडून माझ्या हातात दिले. सगळ्यात वर होता तो फोटो त्यांनी क्षणभर अंगठ्यानं धरून ठेवला. "हा भगवंत आंडे, शेंदूरजनाघाटचा. दोन हजार नवाले गेला. लय मेहनतीनं सही शिकला होता." मग म्हणाले, "कोनाले हात नको लावू देजो. घामानं शाई जाते."

ही अट मी फार मनावर घेतली. आपल्याकडे माणूस फोटोला हात लावल्याशिवाय फोटो पाहत नाही. कोणी पाया पडेल, कोणी गालावर बोट ठेवून 'हा आपला मामा' म्हणेल. यावर माझ्याकडे एकच इलाज होता. आमच्या वस्तीत कागदाची काय किंमत असते ते ज्याचा दाखला उंदरानं खाल्ला त्याला विचारा. टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला मी वीस वर्षं एकच गोष्ट सांगत आलोय, पहिलं लॅमिनेट कर. जातीचा दाखला, टीसी, बाबासाहेबांचा फोटो, सगळं प्लास्टिकमध्ये. माझ्या घरी माझी लग्नपत्रिकाही लॅमिनेट आहे.

पिंटूचं मशीन माझ्या टेबलाला लागूनच. गठ्ठ्यातला वरचा फोटो त्यानं घेतला आणि उजेडात धरला.

"भाऊ, हा जुन्या कागदाचा हाय. गरम रोलरमंधी फुगन. आंधी एखांद्या रद्दी फोटोवर पाहू का?"

"तू मले शिकवतं का बे?"

"शिकवत नाई, सांगून राहिलो."

"टाक."

त्यानं टाकला. अर्धा आत गेला आणि मशीननं धरून ठेवला. वास आला. पिंटूनं बटण बंद करून रोलर उलटा फिरवला. बाहेर आलं त्यात चेहऱ्याच्या जागी तपकिरी फोड होता, आणि छातीवरची हिरवी सही प्लास्टिकला चिकटून सोलून निघाली होती. मागची पेन्सिल तेवढी शाबूत होती. भगवंत आंडे, शेंदूरजनाघाट, एकाहत्तरची लढाई. सही ९ मे २००४. घरी बायको गोदाबाई, मुलगा, सून, दीड वर्षाची नात नीलम.

पिंटूनं मशीनचा प्लग काढला. मी मात्र त्यालाच शिव्या घातल्या, पार बसथांब्यापर्यंत ऐकू जातील अशा. बाकीचे एकोणसाठ उचलले आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या फ्रेमा आणल्या. म्हणजे फ्रेमा आणायला वेळ होता. मीच तो काढला नव्हता.

चौकातून फ्रेजरपुरा काही लांब नाही. त्याच पावली जाऊन काकांना सांगितलं असतं तर जे झालं ते एका फोटोवर भागलं असतं. साहेबांच्या केबिनची दारं लाथेनं उघडणारा मी, एका रिटायर पोस्टमनपुढे जायला घाबरलो. मी वरूडची बस धरली.

शेंदूरजनाघाटला गोदाबाई आंडे अंगणात संत्री निवडत बसल्या होत्या, चांगली एका टोपलीत, डागी दुसऱ्या टोपलीत. मी म्हटलं, प्रदर्शनासाठी भिंतीवरचा फोटो पाहिजे.

"मोतीरामभाऊनं पाठवलं का तुमाले?"

"हो."

"मंग न्या." त्यांनी खिळ्यावरून फ्रेम काढली, पदरानं पुसली. "जुना फोटो घर पाडलं तवा गेला. आता हाच एक हाय. सांभायजा. आन मी येऊ का पाहाले? नात तिथंच क्लासले हाय, अमरावतीले."

"या ना आई. तुमी त पाहुण्या आमच्या."

हे बोलत होतो तेव्हा माझ्या बॅगेत त्यांच्या नवऱ्याचा जळका फोटो होता.

फ्लेक्ससाठी मी साठही फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवले होते. भगवंत आंडेंची सही त्यात स्वच्छ दिसत होती. 'भगवंत आंडे', मोठी मोठी अक्षरं, हिरवी शाई. हिरवी शाई विकत आणली आणि दुपारभर वहीवर गिरवली. सत्तर-ऐंशी वेळा केल्यावर हात बसला. मग गोदाबाईंच्या भिंतीवरच्या फोटोवर केली. जमली. खोटं कशाला बोलू, जमली तेव्हा मला आनंद झाला होता.

सोळा डिसेंबरला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारे फौजी आपापल्या फोटोशेजारी उभे राहून नातवंडांना फोटो काढायला लावत होते. काका कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, परीक्षेला बसवल्यासारखे. दुपारी गोदाबाई आल्या, सोबत नीलम. नीलमनं आजीला फोटोसमोर उभं केलं. "आजी, हे पाय. आबाची सही."

गोदाबाईंनी काचेवर बोट ठेवलं आणि एकेका अक्षरावरून फिरवलं. त्यांना वाचता येत नाही. "अशीच करे," त्या म्हणाल्या. "करताना जीभ बाहेर काढे." नीलमनं मोबाईल जवळ नेऊन नुसत्या सहीचा फोटो काढला. जाताना गोदाबाईंनी विचारलं, "माहा फोटो कुठी लावला?" मी म्हटलं, आत आहे, मी स्वतः आणून देतो.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. काका खुर्चीवरून उठले आणि एकेक फ्रेम पाहत निघाले. एका ठिकाणी थांबले ते थांबलेच.

"धर्मा, भगवंतचा फोटो कुठी हाय?"

"हा काय समोर."

"फोटो भगवंतचा हाय. सही त्याची नाई."

"काका, डोये तपासून घ्या."

"भगवंत अक्षरं लिवे जगासारखे, डावीकून उजवीकडे. पन वरची रेघ मारे उलटी, उजवीकून डावीकडे. नांगर परतते तशी. पलटनीतल्या उस्तादानं लय मारलं त्याले, पन सवय सुटली नाई. म्या समोर बसून पायली. त्याची शाई उजवीकडे जाड पडे. हे पाय, हे डावीकडे जाड हाय."

पकडला गेलो की मी ओरडतो. ऑफिसांत याचा उपयोग होतो, साहेब गांगरतो. मी काकांवर ओरडलो.

"एवढा हॉल भरला तो कोणामुळं भरला? तुमच्या कपाटातल्या कपाटात कुजले असते हे सारे. चिठ्ठ्या वाटणारा माणूस तुमी, तुमाले वयखत कोण होतं? एक सही खोटी निघाली त काय आभाय कोसयलं?"

काकांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "बरोबर हाय तुहं," ते म्हणाले. "म्या नसतेच दाखवले कोनाले." मग विचारलं, "खरा कुठी हाय?"

मी बॅगेतून काढून दिला. त्यांनी त्या फोडाकडे पाहिलं नाही. पालथा करून मागची स्वतःची पेन्सिल वाचली, ओठ हलवत, गोदाबाईपासून दीड वर्षाच्या नातीपर्यंत.

"हा राहू दे माह्यापाशी. आन हा भिंतीवरचा गोदाबाईच्या घरचा हाय. तिचा तिले नेऊन दे. आन याच्यावर सही कोनाची हाय ते तिले सांग. तंवर माह्या घरी येऊ नको."

चार महिने मी गेलो नाही. फोटो टेबलाच्या खणात पडून होता. नीलमचा दोनदा फोन आला, आजी फोटोचं विचारते. मी म्हटलं, आणतो, कामात आहे. कामं होतीच, कामं मला कधी कमी नसतात. विहारात काका दिसायचे. जय भीम म्हणायचे, मी जय भीम म्हणायचो, आणि दोघं आपापल्या चपला शोधायचो.

चौदा एप्रिलला इर्विन चौकात माइकवर माझं भाषण होतं. खोट्या सह्या करून कागदावर ग्रामसभा कशा भरवतात, यावर मी बोललो. माझा हा विषय पाठ आहे, लोकांना आवडतो. बोलता बोलता गर्दीत काका दिसले, निळी टोपी घातलेले. शेवटी टाळ्या पडल्या. काकांनीही वाजवल्या, सगळ्यांबरोबर, तेवढ्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरूडच्या बसमध्ये होतो.

नीलम सुट्टीत घरी आली होती. मी ओट्यावर टेकतो न टेकतो तोच ती समोर आली. "भाऊ, तुमाले दाखवाचंच होतं." डाव्या हाताची बाही मागे घेतली. मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदलेलं होतं, 'भगवंत आंडे'. "प्रदर्शनातून फोटो काढला होता ना, त्याच्यावरून अमरावतीतच करून घेतलं. आजी पहिले लय बोलली. आता रोज हात धरून पायते."

शिरोरेघ डावीकडे जाड होती. 'ग'च्या कान्याला खाली मी एक झटका देतो, माझ्या सगळ्या अर्जांत तो असतो. तोही उतरला होता.

मी चहा पिऊन निघायचं ठरवलं. परतीची बस लगेच होती. फोटो द्यायचा, बरं चाललंय ना विचारायचं, आणि जायचं. काकांना काय सांगायचं तेही बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

गोदाबाईंनी फोटो घेतला, खिळ्याकडे गेल्या, आणि लावता लावता थांबल्या.

"हा त माहाच फोटो हाय. कोपऱ्यात वलीचा डाग हाय." त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. "याच्यावर सही कवा आली? ते जाऊन पंधरा साल झाले."

नीलम माझ्याकडे पाहत होती. मी कप खाली ठेवला.

"आई, ही सही मी केली."

"तुमी?"

"खऱ्या सहीचा फोटो माझ्या हातानं जळाला. मशीनमंधी. मंग तुमचा नेला, आन त्याच्यावर मी केली."

नीलमनं मनगट पाहिलं. "हे मंग?"

"तेही माझीच."

अंगणात कोणीतरी टोपल्या आपटत होतं. गोदाबाईंनी फोटो खिळ्यावर लावला नाही, तांदळाच्या डब्यावर उभा ठेवला. "मोतीरामभाऊले मालूम हाय?"

"हो. त्याहीनंच पाठवलं."

"तवाच," त्या म्हणाल्या. "आपल्या मनानं तुमी आले नसते."

नीलम शेजारी येऊन बसली. "खरी कशी होती आबाची?"

मी मोबाईल उघडला. तिनं मनगट स्क्रीनला लावून धरलं, बराच वेळ. "अक्षरं त जवळजवळ तशीच हायेत. वरची रेघ उलटी हाय."

"हो."

"पाठवा मले."

मी पाठवला. गोदाबाई म्हणाल्या, "आन ते हातावरचं कसं काढतं आता, बाई?"

"काढत नाई," नीलम म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि मला चढलेल्या आवाजाचीच सवय आहे. "कोनी इचारलं, कोनाची सही हाय, त सांगीन. इर्विन चौकातल्या धर्मेंद्रभाऊची हाय म्हनून."

संध्याकाळी काकांच्या दारात उभा राहिलो. "सांगतलं?" "सांगतलं." मग नीलमच्या हाताचं सांगितलं. ते त्यांना माहीत नव्हतं. मी ओरडलो तेव्हा, जळका फोटो हातात घेतला तेव्हा, काका उभेच होते. हे ऐकून ते खाली बसले. "दीड वर्साची होती," म्हणाले. "सही चालू असताना पेन धराले पाहे." सुंदराकाकूंनी पाणी आणून त्यांना दिलं. मला कोणी बस म्हटलं नाही, मी बसलो नाही.

जूनमध्ये काकांचा निरोप आला. गुडघ्यांमुळे बस चढवत नाही, अकोल्याला सहदेव इंगळे म्हणून एकाहत्तरचे एक जण आहेत, तुझ्याकडे स्कूटर आहे ना. मी टेबल बंद करून गेलो. वाटेत मूर्तिजापूरला चहा घेतला, काका हवापाण्याचं बोलले. अकोल्यात घराच्या फाटकाशी उतरल्यावर पिशवी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "सही होईस्तोर तू आत येऊ नको."

ते आत गेले. ऊन असं होतं की गाडीच्या सीटला हात लावता येत नव्हता. गल्लीतून जाणाऱ्या दोघांनी मला ओळखलं, एकानं त्याच्या घरकुलाचं अडलेलं काम सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात खिडकीतून आतल्या म्हाताऱ्याचा आवाज आला.

"बाहेर कोण उभं हाय हो उन्हात? बोलवा ना आत."

"राहू द्या," काका म्हणाले. "गाडीवाला हाय."

घरकुलवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हटलं, नंतर बोलू, आणि गाडी ढकलत समोरच्या निंबाच्या सावलीत नेली.